काढून ठेवलेलं कमिशन

बँकेच्या साहेबाले मी "बड़ी मेहरबानी" म्हटलं, हे आठवलं का आजही मले स्वतःच्याच थोबाडात दोन ठेवून द्यावं वाटते. माया डोळ्यादेखत त्यानं मायं कमिशन उडवलं, अन् मी वरून त्याचे आभार मानले. त्याचा चहा बी प्यायली. बिस्कूट बुडवून.

मी मथुरा. भिलाईत वैशाली नगरात राहते अन् लोकांची घरं विकून देते. मायी नणंद मले दलाल म्हणते, म्हणू दे. मी पार्टीले घर दाखवते, घरवाल्याले भावावर आणते, दोघांचं भांडण झालं तर मधात बसते, अन् रजिस्ट्री होईपर्यंत मायं टाळकं जागेवर नसते. माया कमरेले चाब्यांचा एवढा मोठा जुडगा राहते. माये मिस्टर आनंदराव, स्टील प्लांटात क्लर्क होते, आता रिटायर. ते म्हणतात, मथुरेच्या आधी चाब्या घरात येतात. मले एका जागी बसवत नाही, खरी गोष्ट हाय. बसली का हात त्या जुडग्याकडे जाते.

सुखरामभाऊचं घर मायाकडे विकाले आलं तेव्हा त्यांचं सारंच बिघडून गेलं होतं. सुखरामभाऊ आमच्याच भंडाऱ्याकडचे. प्लांटच्या कोक ओव्हनमधी, भट्टीच्या आगीपाशी, उभी जिंदगी काढली, रिटायर झाल्यावर जे मिळालं त्यात वैशाली नगरात घर बांधलं. त्यांच्या पोरानं, मोनूनं, त्या घरावर कर्ज काढून टायरचं दुकान टाकलं. दुकान चाललं नाही. मोनू पुण्याकडे निघून गेला, फोन उचलत नाही, अन् बँकेचे लोक म्हाताऱ्याच्या दारात. व्याज चढत चढत कर्ज घराच्या किमतीच्या वर गेलं. म्हणजे घर विकलं तरी बँकेचं पूर्ण फिटत नाही.

असं झालं का बँक सेटलमेंट करते. घराले जे येईल ते आमाले द्या, उरलेलं आम्ही सोडून देतो, पण मार्च संपाच्या आत. नाही झालं तर नीलामी, अन् घरावर नोटीस. म्हणून असल्या सौद्यात घरवाल्याच्या हाती फुटकी कवडी येत नाही, सारा पैसा बँकेत जाते. घेणारा तर आधीच भेदरलेला राहते, त्याले कमिशन मागितलं तर तो उद्या दिसणार नाही. मंग आमाले कोण देते? बँकच देते. आलेल्या पैशातून पहिले आमचं काढून ठेवते, मंग आपलं घेते. भिलाईत अशीच रीत होती. आता बँकाईले ते टोचाले लागलं हाय, कधी अर्धं देतात, कधी म्हणतात दलालाची जरूरच काय होती. जरूर काय होती म्हणे.

जरूर सांगते. त्या घराच्या पुढून नाली वाहते. पार्टी गाडीतून उतरली का नाकाले रुमाल लावे अन् तिथूनच पलटे. सारा हिवाळा मी लोकाईले आणून राहिली होती. कधी सकाळी, कधी दुपारी, नालीचा वास कमी राहते तेव्हा. मी नगर निगमच्या मागं लागून त्या नालीवर फरशा टाकून घेतल्या. सुखरामभाऊची बायको चंदा, ते तर मायी वाट पाहूनच राहे. पार्टी गेली, सौदा नाही जमला, का मी तोंड पाडून पायरीवर बसे, अन् ते आतून ताट आणे. "मथुराबाई, तुमचं काढून ठेवलं हाय," म्हणे. कधी फरा, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले, कधी लाखोळीच्या डाळीचे वडे. घर हातातून चाललं होतं तिच्या, पण मायं ताट काढून ठेवल्याबिगर ते जेवली नाही कधी.

शेवटी अपेक्षा भेटली. दुर्गले दवाखान्यात नर्स हाय, मोहन नगरात किरायानं राहते. तिनं नाली पाहिली, फरशा पाहिल्या, अन् म्हणाली, घर हवेशीर हाय. मले त्या पोरीचे पाय धरावे वाटले.

मंग बँकेत बैठक झाली. रायपूरहून साहेब आले होते, खास या सेटलमेंटसाठी. टेबलाच्या एका अंगाले सुखरामभाऊ, अपेक्षा अन् मी. दुसऱ्या अंगाले साहेब, अन् त्यांच्या बाजूले खुशबू नावाची पोरगी, कागद देणारी. साहेबाच्या समोर कॉम्प्युटरवर सारा हिसाब उघडा होता. एवढे घराचे, एवढे वकिलाचे, एवढे दलालाचे. मले वाटलं, आताच बोलून घ्यावं, मागून हे लोक टोलवतात. मनात मायाजवळ शब्द होते, साहेब, पहिले मायं कमिशन काढून ठेवा. पण साहेबासमोर हिंदी बोला लागते. म्हणून मी म्हटलं,

"साहब, पहले मेरा कमीशन निकाल दो, फिर बाकी बात करो."

साहेबानं मायाकडे पाहिलं. मंग हसला, अन् एक बटण दाबलं.

"लीजिए मथुराजी, निकाल दिया."

मी म्हटलं, बड़ी मेहरबानी. मले वाटलं, वा, किती भला माणूस हाय. घरी येऊन मी आनंदरावले सांगतलं बी, साहेबानं सगळ्यात पहिले मायंच काम केलं.

आठ-दहा दिवसांनी बँकेचं मंजुरीचं पत्र आलं. सुखरामभाऊले चष्म्यातून दिसेना म्हणून मी वाचून दाखवत होती. वाचता वाचता दलालीचा रकाना आला. तिथं शून्य होतं. बाजूले लिहिलं होतं का ब्रोकरने अपना कमीशन स्वेच्छा से छोड़ा. स्वेच्छेनं. माया तळपायाची आग मस्तकात गेली. सुखरामभाऊ विचारून राहिले होते, पुढं काय लिहिलं हाय मथुराबाई. मी म्हटलं, सारं बरोबर हाय, अन् पत्राची घडी करून त्यांच्या हाती देल्ली.

तिथून सुटली ते सरळ बँकेत. साहेब त्या दिवशी होता. मी बसली बी नाही. मी म्हटलं, हे काय लिहिलं, मी कधी सोडलं? तो म्हणे, तुम्हीच सांगतलं, निकाल दो. मी म्हटलं, निकाल दो म्हणजे काढून ठेवा, बाजूले ठेवा, मायासाठी. तो खुर्चीत मागं रेलला अन् म्हणे, मॅडम, हिंदीत निकाल म्हणजे निकाल, लिस्टमधून निकाल. तुमच्या भाषेत काय होते ते मले नाही माहीत. मी म्हटलं, अहो साहेब, जगात कोणता दलाल आपल्या तोंडानं आपलंच कमिशन उडवाले सांगन? तो म्हणे, आम्ही बी हेच समजलो, मोठं मन हाय मथुराजीचं. हे बोलताना त्याचं तोंड असं गोड होतं का मले ते टेबल उलटून द्यावं वाटलं.

त्याले खरंच नव्हतं समजलं का सोयीचं तेवढंच समजलं, ते देव जाणे. मी खुशबूकडे वळली. म्हटलं, तू होती ना बेटा इथं, तू ऐकलं ना मी कशासाठी म्हटलं ते. तिनं मान बी वर केली नाही.

"मैंने ध्यान नहीं दिया, आंटी," ते म्हणाली.

आता मायी हिंदी कशी हाय ते बी सांगते. सुपेल्याच्या बाजारातली हिंदी हाय मायी. वरून हिंदी, आतून मराठी. भाजीवाल्याले मी म्हणते, एक किलो निकाल दो, तो बरोबर काढून पिशवीत टाकते. त्यानं आजपर्यंत भाजी नालीत फेकली नाही. आमच्या घरात काढून ठेवणं वेगळं अन् काढून टाकणं वेगळं. हिंदीत दोन्हीले एकच शब्द, अन् त्या एका शब्दात मी फसली.

कमिशन गेलं एवढ्यावरच थांबलं असतं तर मी चार दिवस भांडी आपटून गप बसली असती. पण साहेब भारी बेरका. त्यानं मायं उदाहरण करून टाकलं. आमच्या दलाल लोकाईत बाबाराव सगळ्यात जुने. त्याईच्याकडे त्याच बँकेची दोन-तीन घरं होती सेटलमेंटची. ते बोलाले गेले तर साहेब म्हणे, तुमच्या मथुराजीनं खुद छोड़ दिया, तुम्ही कावून अडून राहिले? दुसऱ्याले बी तेच, तिसऱ्याले बी तेच.

सुपेल्याच्या चहाच्या टपरीवर आम्ही सारे जमतो. तिथंच चाब्यांची देवाणघेवाण होते, कोणाची पार्टी कोणाच्या घराले जोडाची ते ठरते. त्या दिवशी मी गेली तर कोणी बाकावर सरकलं नाही. बाबाराव चहा पिऊन राहिले होते. ते मले पोरीसारखं मानत, मायं पहिलं घर मी त्याईच्याच हाताखाली विकलं. त्याईनं मायाकडे न पाहता म्हटलं का, मथुरा, तुले साहेबाजवळ चांगलं बनाचं होतं तर बन, पण आमच्या पोटावर पाय देऊन कावून? मी सारं सांगतलं, निकाल दोचं, मेहरबानीचं. सारे हसले. कोणाले पटलंच नाही. एवढी बोलणारी बाई, अन् एका शब्दात फसली म्हणे. बाबाराव म्हणाले, खरं असन तर सिद्ध कर. सौदा थांबव. अपेक्षाले सांग, मार्च संपू दे, रजिस्ट्री करू नको. बँकेले मार्चच्या आत पैसा पाहिजे, आपोआप नाक घासत येईल अन् सगळ्याईचं कमिशन चालू होईल. नाही थांबवला, तर तुयासाठी आमच्याकडे चाबी नाही.

मले नाव जाण्याची अशी भीती कधी वाटली नव्हती. पैसा तर येते-जाते. पण या धंद्यात दुकान नाही, पाटी नाही, माणसाचं नाव तेवढं राहते. ते गेलं तर मथुरा म्हणजे चाब्यांबिगरचं रिकामं कडं. अन् फितूर म्हणून तर मले एक दिवस बी जगाचं नव्हतं.

मी तशीच सुखरामभाऊच्या घरी गेली, सौदा थांबवाले. रस्त्यानं वाक्य जुळवत गेली. थोडे दिवस थांबू, बँक वाकन, तुमचं बी भलं होईल. दारात पोहोचली तर आत बोचकी बांधणं चालू होतं. चंदाच्या भावाचं उतई गावाले एक खोलीचं घर हाय, तिथं जाणार होते दोघं. सुखरामभाऊ भिंतीवरचे खिळे काढून राहिले होते, एक एक, पक्कडीनं, अन् डब्यात जमा करून राहिले होते. म्हणाले, नीलामीची नोटीस भिंतीवर लागाच्या आधी जातो मथुराबाई. तुमच्यामुळं इज्जतीनं जातो. आमच्या प्लांटवाल्या लोकाईच्या समोरून नोटीस लागलेल्या घरातून निघालो असतो तर मी जगलो नसतो.

मंग चंदानं विचारलं, "मथुराबाई, तुमचं बँक देते ना? तुमचं आमच्याकडं काही राहिलं तर नाही ना?"

मी म्हटलं, देते, देते. साहेबानं पहिलेच काढून ठेवलं हाय. अन् मले तिथं एक मिनिट बी थांबवलं नाही.

रस्त्यावर येऊन मले रडू आलं, अन् रडू आलं म्हणून राग आला. सौदा थांबवला तर म्हाताऱ्याच्या भिंतीवर नोटीस. नाही थांबवला तर मी फितूर. मंग एकच वाट राहिली होती. त्या टेबलावर जे कोणी होतं त्यानं खरं सांगावं. सुखरामभाऊ अन् अपेक्षा तर त्याच सौद्यातले, त्याईचं कोण ऐकन. साहेब सांगणार नव्हता. राहिली खुशबू.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बँकेत गेली. साहेब रायपूरले गेलेला. खुशबू खिडकीवर होती, तिनं मले पाहिलं अन् उठून आत गेली. मी बाहेर गाड्या लावतात तिथं उभी राहिली. ऊन तापलं होतं, पण मी हलली नाही. जेवणाच्या सुट्टीत ते पोरगी बाहेर आली, कानाले फोन, अन् मायाकडे पाठ. मी हाक मारणार तेवढ्यात मले ऐकू आलं.

"नाही व आई, आज उशीर होईल. तुमी जेवून घ्या. मायं काढून ठेव."

आमच्याच बोलीत. आंटी-आंटी करणारी पोरगी, मैंने ध्यान नहीं दिया म्हणणारी. प्लांटच्या कॉलनीतल्याच कोण्या मराठी बाबूची लेक निघाली. आजकालच्या पोराईचं असंच हाय, मराठी घराच्या उंबऱ्याच्या आत, बाहेर पाय पडला का हिंदी. मी समोर जाऊन उभी राहिली. तिनं घाईनं फोन बंद केला.

मी म्हटलं, "पोरी, आईनं तुयं जेवण काढून ठेवलं, म्हणजे काय उकिरड्यावर फेकलं?"

ते आपल्या स्कूटीकडे वळली. मी म्हटलं, तुले तेव्हाच समजलं होतं. साहेबाले नसन, तुले समजलं होतं. मी मेहरबानी म्हणत होती अन् तू ऐकून राहिली होती. तुया आईच्या वयाची बाई हाय मी. साऱ्या भिलाईत मले फितूर म्हणून राहिले, अन् तुया एका वाक्याचं काम हाय.

ते स्कूटीच्या आरशाकडे पाहत राहिली. मंग मराठीत बोलली, एकदम हळू.

"काकू, मी कॉन्ट्रॅक्टवर हाय. साहेबाच्या विरुद्ध बोलली तर मले काढून टाकतील."

मी म्हटलं, पाह्य, टाकणं अन् ठेवणं तुले किती बरोबर समजते. हे बोलली अन् मायंच मले वाईट वाटलं. घरी कोण कमावते विचारलं तर म्हणाली, मीच. चाब्यांचा जुडगा मुठीत आवळून निघून आली.

सौदा मी थांबवला नाही. बाबारावले फोन करून सांगतलं का, मले जे म्हणाचं ते म्हणा, पण मी म्हाताऱ्याच्या भिंतीवर नोटीस लावू देणार नाही. त्याईनं फोन ठेवून देल्ला. त्यानंतर माया फोन वाजलाच नाही. टपरीवरून कोणी चाबी पाठवली नाही. आनंदराव म्हणाले, बरं झालं, आराम कर. आराम! मी घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरे, अन् ते पेपरच्या वरून पाहत.

रजिस्ट्रीचा दिवस आला. दुर्गचं रजिस्ट्री ऑफिस म्हणजे जत्राच. लिंबाखाली टायपिंगवाले, झेरॉक्सवाले, घामेजलेले लोक. सुखरामभाऊ धुतलेला सदरा घालून आले होते, साहेब बी खुशबूले घेऊन आला होता. अंगठे झाले, फोटो झाले, अपेक्षाचा चेक साहेबानं फाईलमधी ठेवला. घर अपेक्षाचं झालं. सुखरामभाऊनं डोळे पुसले अन् मंग हसले बी. मले छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, पण अर्धंच.

कारण बाहेर पायऱ्यांवर बाबाराव उभे होते, अन् त्याईच्यासोबत टपरीवरचे सात-आठ जण. साहेब आज हातात सापडन म्हणून आले होते. त्याईनं साहेबाले घेरलं अन् कमिशनचं विचाराले लागले. साहेब जराही घाबरला नाही. त्यानं मायाकडे हात केला.

"इनसे पूछिए ना. इन्होंने खुद कहा था, निकाल दो. तो हमने निकाल दिया."

साऱ्यांच्या माना मायाकडे वळल्या. बाबारावची नजर तर अशी होती का मले खाली पाहावं लागलं. मायं सारं बोलून झालं होतं. साहेबाच्या मागं खुशबू फाईल छातीशी धरून उभी. सकाळपासून उभीच होती ते, पाण्याचा घोट नाही घेतला.

तेवढ्यात चंदा पिशवी घेऊन मायापाशी आली. तिले त्या भांडणाचं काही माहीत नव्हतं. घर गेलं होतं, त्या घरातल्या चुलीवरचा शेवटचा स्वयंपाक तिनं बांधून आणला होता. डबा माया हाती देत म्हणाली, मथुराबाई, तुमचं काढून ठेवलं हाय.

मी झाकण उघडलं. फरा होते, टमाटरच्या चटणीसोबत. मायी भूक तर मरून गेली होती. मी वर पाहिलं तर खुशबू त्या डब्याकडे पाहून राहिली होती, अन् मी पाहते म्हटल्यावर तिनं नजर वळवली. मले तिचा राग होता. अजूनही होता. पण उपाशी पोरीचं तोंड पाहून मले गप बसवत नाही, मायी सवयच खराब. मी अर्धे फरा झाकणात घेतले अन् तिथूनच हाक मारली.

"खुशबू, इकडं ये. तुयं काढून ठेवलं हाय."

साहेबाचं बोलणं मधातच तुटलं. तो वैतागला. खुशबूले विचाराले लागला, ये क्या बोल रही हैं?

खुशबूनं झाकणाकडे पाहिलं. मंग मायाकडे. मंग साहेबाकडे, सरळ डोळ्यात.

"खाना, सर. आंटी ने मेरे लिए निकाल दिया है."

"तो जाओ, खा लो," साहेब म्हणाला, अन् पुन्हा बाबारावकडे वळला. वळला, तोंड उघडलं, अन् ते तसंच उघडं राहिलं. आपण काय ऐकलं अन् आपल्याले ते कसं झटक्यात समजलं, हे आता त्याच्या ध्यानात आलं. टायपिंगवाल्याचा खटखट तेवढा ऐकू येऊन राहिला होता.

खुशबू हललीच नाही. फाईल तिनं आणखी घट्ट धरली.

"उस दिन भी आंटी ने यही कहा था, सर. मैंने सुना था."

साहेबानं इकडंतिकडं पाहिलं, घाम पुसला, अन् बाद में देखेंगे म्हणत गाडीकडे चालला. बाबाराव त्याच्या मागं नाही गेले. ते माया समोर आले. माफी मागणं त्याईले जमत नाही, कधीच जमलं नाही. त्याईनं खिशातून एक चाबी काढली अन् माया जुडग्यात स्वतःच्या हातानं अडकवून देल्ली. म्हणाले, हुडको कॉलनीतलं घर हाय, संध्याकाळी पार्टी येते, दाखवून दे.

कमिशन मले अजून मिळालं नाही. त्या रकान्यातलं स्वेच्छा तेवढं गेलं, तिथं आता विचाराधीन लिहिलं हाय, अन् मी दर सोमवारी जाऊन त्याईचा विचार कुठवर आला ते विचारते. पण त्या दिवशी मायं नाव मले परत मिळालं, अन् ते ज्या पोरीनं देल्लं तिच्या नोकरीचं काय होईल हे त्या घडीले कोणालेच माहीत नव्हतं. तिले बी नाही.

ते आली अन् माया बाजूले पायरीवर बसली. मी झाकण तिच्या हाती देल्लं. घाईत तिनं चटणी ओढणीवर सांडली. मी म्हटलं, सावकाश जेव बाई. तिनं मान हलवली अन् जेवाले लागली. एक बी फरा तिनं टाकला नाही.